काळ्या पोशाखापुढची गर्दी

दुकानाच्या दर्शनी काचेत या खेपेला नखशिखांत काळा पोशाख लागणार, हे कळल्यावर दुकानातल्या प्रत्येकाने काचवालीला एकच प्रश्न विचारला. कोण गेलं?

कोणी गेलं नव्हतं. जाण्याची पाळी तिचीच होती.

काच सजवणं हे तिचं काम, म्हणून तिचं नाव काचवाली. पुतळ्याला काय घालायचं, कुठली बाही दुमडायची, मागे कुठला पडदा, दिवा कुठून, हे सगळं ती ठरवायची. तिच्याकडे सजावटीची पदविका होती आणि ही गोष्ट तिने दुकानात कोणालाही विसरू दिली नव्हती. मालकांच्या भाच्याकडे कसलीच पदविका नव्हती, पण मामा होते. काचेत पुतळ्याऐवजी एक मोठा स्क्रीन बसवावा आणि त्यावर कपडे घातलेली बाई दिवसभर चालत ठेवावी, असं त्याने मामांना सुचवलं होतं. स्क्रीन रजा घेत नाही, स्क्रीन आजारी पडत नाही आणि स्क्रीन वाद घालत नाही. पहिल्या दोन मुद्द्यांवर मालक विचार करतो म्हणाले. तिसरा त्यांना तिथल्या तिथे पटला.

तरी मालक न्यायी होते, म्हणजे निर्णय पुढे ढकलता येत असेल तर जरूर ढकलत. त्यांनी काचवालीला बोलावून घेतलं.

"या खेपेला तुम्हीच लावा. लोक थांबले तर स्क्रीन राहिला. नाही थांबले तर ट्रायल रूमच्या दाराशी माणूस हवाच आहे आपल्याला."

ट्रायल रूमच्या दाराशी उभं राहून "आत तीनच कपडे न्यायचे" हे वाक्य संध्याकाळपर्यंत म्हणायचं असतं. ते म्हणायला पदविका लागत नाही. काचवालीला हे पुरतं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिने शहाण्या माणसासारखा लाल रंग न निवडता काळा निवडला.

"लाल लाव गं," बिलिंगवाली म्हणाली. ती काउंटरवर बसायची आणि दुकानाच्या भवितव्याची काळजी वाहायची. "लाल बघून बैलसुद्धा थांबतो."

"बैल आपलं गिऱ्हाईक नाही."

"बरं. ट्रायल रूमला आलीस की जेवायला तरी एकत्र बसता येईल आपल्याला."

"रंग लावून कोणीही लोकांना थांबवेल. काळ्यावर थांबवणं हे काम आहे. काळा हा एक रंग नाही, हे आधी समजून घे."

"समजलं. किती आहेत?"

घरी सासूबाईंनीही फार आधार दिला अशातला भाग नव्हता. सासूबाई स्वतः जांभळ्या स्वेटरवर हिरवा स्कार्फ घालत आणि वर नारंगी टोपी चढवून भाजी आणायला जात.

"काळं? डोक्यापासून पायापर्यंत?" त्या म्हणाल्या. "त्या पुतळ्याने काय पाप केलंय?"

"आई, पुतळ्याला डोकं नाहीये."

"मग बरोबर आहे. दुःख होणारच."

डोकं नव्हतं हे खरं होतं. डोक्याच्या पुतळ्यांची नाकं तुटतात, म्हणून मालकांनी मानेपर्यंतचेच पुतळे आणले होते.

काच सजवताना तिच्यावर आतून ब्राउन पेपर लावण्याची पद्धत आहे. काम अर्धवट असताना लोकांनी बघू नये म्हणून हा कागद असतो. काम पूर्ण झाल्यावरही लोक बघत नाहीत तेव्हा त्या कागदाची आठवण येते, पण तो विषय वेगळा. काचवालीने कागद लावला आणि दुकानातले होते नव्हते ते सगळे काळे कपडे मागच्या दाराशी उजेडात नेऊन पसरले. ट्यूबलाइटखाली सगळे काळे सख्खे भाऊ दिसतात. उन्हात नेलं की कोणाचा बाप कोण ते कळतं. एक काळा निळसर निघाला. एक तपकिरीकडे झुकला आणि नव्या कोटाशेजारी दहा वेळा धुतल्यासारखा दिसू लागला. एकावर उन्हात जांभळी झाक आली. हे तिघे बाद झाले. जे उरले त्यांतून तिने पोशाख जमवायला घेतला.

आत उंच गळ्याचा, बारीक उभ्या विणीचा अंगाबरोबरचा स्वेटर. त्यावर जाड लोकरीचा कोट, आत उजेड शिरला की परत येत नाही असा. कोट घालायचा नाही, नुसता खांद्यावर टाकायचा, बाह्या रिकाम्या सोडायच्या. खाली सॅटिनचा तिरप्या कापाचा स्कर्ट, कोटाच्या काठाखाली वीतभर दिसेल एवढाच, कारण चमक एकाच ठिकाणी हवी. चकचकीत पट्टा तिने आधी बांधला आणि मग काढला. दोन गोष्टी चमकायला लागल्या की तिसरीही हट्ट धरते. त्याऐवजी मऊ, बिनचमकीच्या चमड्याचा पट्टा आला. स्वेटरची एक बाही कोपरापर्यंत सरकवली, म्हणजे मनगट दिसेल. बूट आणि स्कर्ट यांच्यामध्ये घोट्याएवढी जागा उघडी ठेवली. जाड, बारीक, मऊ, चमकदार, आणि दोन ठिकाणी उघडी त्वचा. प्लास्टिकची का असेना.

एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिला वाटलं, पुतळ्यामागचा नेहमीचा फिकट लाकडी फळा म्हणजे फसवणूक आहे. पांढऱ्यावर काळा कोणालाही दिसतो. काळ्यावर काळा दिसला तर ते कसब. तिने फळ्यावर फेल्टचं जाड काळं कापड ताणून बसवलं, खालीही काळंच अंथरलं, आणि कडेने दोन मंद दिवे सोडले.

दुकान मिटायच्या वेळी तिने कागद काढला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. बाहेर तिन्हीसांज झालेली, आत दिवे लागलेले. कोटाची कड, विणीच्या रेघा, स्कर्टवर पाण्यासारखा सांडलेला उजेड. काळ्यावर काळा, आणि तरी प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी दिसत होती. आपण आजवर केलेल्या कामात हे सगळ्यात चांगलं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी सांगितलं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं.

"दिसतंय काहीतरी," शेजारी येऊन उभा राहिलेला भाचा म्हणाला. त्याच्या तोंडून ही मोठीच स्तुती होती.

दुसऱ्या दिवशी मालक समोरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसले. त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत सोपी होती. कॉफी प्यायची आणि आपल्या दुकानापुढे कोण थांबतंय ते बघायचं. दुपारच्या आत ते परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन.

"बाई, थांबतायत," ते म्हणाले. "नुसते थांबत नाहीत, जवळ जातायत. एक मुलगी अगदी काचेला नाक लावून बघत होती."

"वीण," काचवाली म्हणाली. "लांबून कळत नाही ती."

"एक गृहस्थ सरळ उभे राहिले, मग आडवे वळून बघितलं, मग परत सरळ."

"कोटाची बाही. रिकामी सोडलीय ना, ती बाजूनेच कळते."

"आणि एक बाई मान वर करून करून गळा बघत होती."

"उंच गळा," काचवालीने मान डोलावली. "तो मुद्दामच."

बिलिंगवालीने तिला आपल्या डब्यातली वडी दिली. ट्रायल रूमच्या दाराशी कोण उभं राहणार हा प्रश्न पुन्हा उघडा पडला, आणि मालक त्या जागेसाठी कधी नव्हे ते भाच्याकडे बघू लागले.

जेवणाच्या सुट्टीत काचवाली आपलं यश बघायला बाहेर पडली. काचेपुढे चारपाच माणसं होती. ती शहाजोगपणे त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. पुढच्या गृहस्थांनी ओठ मागे ओढून दात बघितले, एका दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढलं आणि समाधानाने निघून गेले. मुलीने ओठांना रंग लावला. एका तरुणाने पोट आत घेतलं, आडवा वळला, पोट सोडलं, खिन्न झाला. मान वर करून बघणाऱ्या बाई हनुवटीवरचा केस शोधत होत्या.

काचवाली पुढे झाली. काचेत तिला रस्ता दिसला, कॉफीचं दुकान दिसलं, ढग दिसले आणि त्या सगळ्याच्या मधोमध डबा खाऊन आलेली ती स्वतः दिसली, स्पष्ट, केसांना फुटलेल्या फाट्यांसकट. दोन्ही तळव्यांचा आडोसा करून डोळे काचेला टेकवले तेव्हा कुठे आत कोटाची कड लागली.

बाहेर लख्ख ऊन आणि काचेमागे अंधार, की काचेचा आरसा होतो. हे पदविकेच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. आजवर तिने फिकट फळ्यापुढे कपडे लावले होते, त्यामुळे ते ज्ञान वापरायची वेळ आली नव्हती. यंदा तिने स्वतःच्या हाताने, मोजूनमापून, उत्तम प्रतीचं फेल्ट वापरून भर रस्त्यात आरसा उभा केला होता, आणि त्याच्या मागे आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ठेवलं होतं.

ती आत आली. मालक वाटच बघत होते.

"तुमच्यासाठी दिवे मागवतोय," ते म्हणाले. "चांगले, मोठे. एवढं सुंदर काम, नीट दिसायला नको?"

नीट दिसलं की आरसा जाणार होता, आरसा गेला की गर्दी, आणि गर्दी गेली की तीनच कपडे आत न्यायचे. काचवालीने क्षणभर विचार केला.

"काळ्याला उजेड सोसत नाही," ती म्हणाली.

"असं?"

"त्याचं गूढ जातं."

मालकांनी गंभीरपणे मान हलवली. भाच्यानेही हलवली, आणि संध्याकाळी फोनवर कोणाला तरी "काळ्याचं गूढ असतं यार" असं सांगताना तो बिलिंगवालीला ऐकू आला.

तो सगळा आठवडा काचवालीची कीर्ती वाढत गेली. मालक ओळखीच्या लोकांना आणून दाखवत. ओळखीचे लोक काचेपुढे उभे राहत, कॉलर नीट करत आणि "वा" म्हणत. तीही शेजारी उभी राहून हसायची. आत येऊन काळा कोट मात्र कोणी मागितला नाही. स्वेटर नाही, स्कर्ट नाही, पट्टासुद्धा नाही.

"बाहेर जत्रा आणि आत शुकशुकाट," बिलिंगवाली म्हणाली. "हे लोक बघतात तरी काय एवढं?"

"ज्याला जे दिसतं ते," काचवाली म्हणाली, आणि हे त्या आठवड्यातलं तिचं एकमेव खरं वाक्य होतं.

मालकांनाही कोरडी गर्दी खुपू लागली. शनिवारी मालकीणबाईंना आणि भाच्याला घेऊन समोर बसायचं आणि स्क्रीनचं काय ते कायमचं ठरवायचं, असं त्यांनी जाहीर केलं. नको म्हटलेले दिवेही तोवर येऊन पडले होते. शनिवारपर्यंत तोंड मिटून राहिलं की झालं, एवढंच काचवालीला करायचं होतं.

शनिवारी सकाळी सासूबाई आल्या. सुनेचं नाव गाजतंय म्हटल्यावर त्यांना राहवलं नव्हतं. नारंगी टोपी घालून त्या काचेपुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ. काचवाली त्यांच्या शेजारी उभी राहिली. पाप, दुःख, काहीच शब्द आले नाहीत, तेव्हा तिच्या मनात वेडी आशा आली. म्हाताऱ्या डोळ्यांना कदाचित उन्हाच्या आरपार दिसत असेल.

"छान दिसतंय गं," सासूबाई म्हणाल्या.

"खरंच, आई?"

"हो. मला उगाच वाटत होतं ही टोपी मोठी होते म्हणून."

त्यांना रस्त्यापलीकडे सोडून काचवाली परत आली, काचेला कागद लावला आणि आत शिरून फळ्यावरचं फेल्ट ओरबाडून काढलं. खाली नेहमीचा फिकट फळा होता. मग तिने नवे दिवे लावले, सगळेच्या सगळे.

"अगं, काय करतेयस?" बिलिंगवालीने विचारलं. "आज निकाल आहे ना तुझा?"

"म्हणूनच. निकाल लागायचा तर माझ्या कामाचा लागू दे. त्या लोकांच्या दातांचा नको."

बिलिंगवालीला दातांचं काही कळलं नाही. मालक, मालकीणबाई आणि भाचा समोर जाऊन बसले तेव्हा कागद निघालेला होता. भर दुपारी, पहिल्यांदाच, पोशाख रस्त्यावरून दिसत होता. कोट, वीण, सॅटिनची वीतभर चमक, मनगट, घोटा, सगळं.

लोक आले आणि गेले. काही जण सवयीने मान वळवायचे, केसांकडे हात न्यायचे, काचेत दुसराच कोणीतरी, तोही बिनडोक्याचा, उभा बघून दचकायचे आणि चालू लागायचे. समोर भाच्याने आणखी एक कॉफी मागवली. त्याची तब्येत एकदम सुधारली होती.

तेवढ्यात एक गृहस्थ थांबले. पुढे झाले, मागे झाले, पुतळ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सरळ दुकानात शिरले. पलीकडे मालक उठले. भाचा आणि मालकीणबाईंना घेऊन ते रस्ता ओलांडून आत येईपर्यंत गृहस्थ काउंटरशी पोचले होते.

"इथला आरसा काढला का हो?" त्यांनी विचारलं. "रोज ऑफिसला जाताना बरा पडायचा."

गृहस्थ गेले. मग काचवालीने सगळं सांगितलं. फेल्ट, ऊन, आरसा.

"म्हणजे आठवडाभर लोक स्वतःलाच बघत होते," मालक म्हणाले.

"हो."

"आणि त्या माझ्या ओळखीच्यांनी वा म्हटलं ते?"

"स्वतःलाच."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी दुपारी."

"मामा," भाचा म्हणाला, "स्क्रीनवाल्याला मी आत्ता फोन—"

"लावा फोन," काचवाली म्हणाली. तिच्याकडे आता घालवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे आवाज एकदम मोकळा झाला होता. "स्क्रीनवर कोण दिसणार? दुसरीच बाई. आठवडाभर बघितलंत ना, लोक कोणासाठी थांबतात ते? माझ्यासाठी थांबले नाहीत, मान्य. पण तुमच्या त्या बाईसाठीही थांबणार नाहीत. त्यांना—"

ती मध्येच थांबली. पुतळ्याकडे बघत राहिली. मानेच्या वर जिथे डोकं असायचं तिथे काही नव्हतं.

मग ती ट्रायल रूममध्ये गेली आणि भिंतीवरचा लंबगोल आरसा काढून आणला. मालक काही म्हणणार तोवर ती काचेत चढली होती. बारीक तारेने तिने आरसा वरून सोडला, उंच गळ्याच्या बरोबर वर, थोडा खाली झुकवून.

"आता बाहेर जाऊन उभे राहा," ती मालकांना म्हणाली. "अजून मागे. थोडं डावीकडे. हां."

मालक फुटपाथवर उभे राहिले. उंच गळ्यातून त्यांचं टक्कल, मिशा आणि चष्मा वर आला. खाली खांद्यावर टाकलेला कोट, रिकाम्या बाह्या आणि सॅटिनचा स्कर्ट. मालक हलले नाहीत. मालकीणबाई त्यांच्याजवळ गेल्या.

"अहो, चला आता आत."

"थांब गं," मालक म्हणाले. मग थोड्या वेळाने, कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात, "खांदे बरे दिसतात."

स्क्रीन त्या दिवशी राहिला. मालकांनी तो रद्द केला नाही, पुढे ढकलला. ज्यांना त्यांचा स्वभाव माहीत होता त्यांनी काचवालीचं अभिनंदन केलं. भाच्याने दोन दिवसांनी ही कल्पना मुळात स्क्रीनचीच आहे, फक्त वीज लागत नाही, असं सांगायला सुरुवात केली. ट्रायल रूममध्ये आरसा नसल्यामुळे गिऱ्हाइकं नवे कपडे घालून बाहेर काचेपुढे येऊ लागली, आणि कोणी तसंच निघून जाऊ नये म्हणून दाराशी भाच्याला उभं करावं लागलं.

काचेपुढे पुन्हा माणसं थांबू लागली. दात बघायचे ते दातच बघत. पण अधूनमधून एखाद्याची नजर हनुवटीवरून घसरून गळ्यावर यायची, गळ्यावरून कोटावर, कोटावरून त्या वीतभर चमकेवर, आणि तिथे थोडी रेंगाळायची. काचवाली हे आतून, पुतळ्याच्या मागून, चोरून बघायची.

मंगळवारी एक बाई अशीच रेंगाळली. आरशातला आपला चेहरा आणि त्याखालचा पोशाख तिने पुन्हा पुन्हा बघितला. रिकाम्या बाहीकडे बघितलं. सरकवलेल्या बाहीकडे बघून स्वतःची बाही सरकवून पाहिली. मग आत आली आणि थेट काचवालीसमोर उभी राहिली.

"बाहेर जे लावलंय ना, तेच हवंय मला," ती म्हणाली. "सगळंच्या सगळं. कोट, स्वेटर, तो खालचा स्कर्ट. अगदी तसंच."

बिलिंगवालीने काउंटरवरून मान उंचावली.

"नक्की," काचवाली म्हणाली. "काढून देते."

"फक्त पिवळ्यात आहे ना?"

काचवालीने काचेकडे पाहिलं. मग बाईंच्या चेहऱ्याकडे, मग त्यांच्या अजून वर सरकवलेल्या बाहीकडे. शेवटी तिने शेजारचं स्टूल बाईंपुढे ओढलं.

"आहे," ती म्हणाली. "बसा. पण पिवळा हा एक रंग नाही, हे आधी समजून घ्या."